तेरा की चौदा?

डॉ. हरिसिंग गौर म्हटले की लोकांना सागरचे विद्यापीठ आठवते. पण नागपूरकरांनीही त्यांच्यावर हक्क सांगायला हरकत नाही. २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागरला जन्मलेला हा मुलगा शिकायला आला तो आपल्या हिस्लॉप कॉलेजात. पुढे केंब्रिजला जाऊन तो बॅरिस्टर झाला आणि परतल्यावर नागपुरात वकिली गाजवली. नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही गौरांनी सांभाळले. फौजदारी कायद्यावरील त्यांचा ग्रंथ देशभरचे वकील वापरीत.

त्याच कायद्यातल्या एका कलमाशी त्यांचे भांडण होते. १८६० च्या दंडसंहितेने मुलीचे संमतिवय दहा ठरवले होते. १८९१ मध्ये ते बारा झाले, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले ते वाचकांना ठाऊक आहे. पुढची तीस वर्षे सारे जैसे थे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींच्या लग्नाचे सरासरी वय तेराच्या आसपास होते. त्यामुळे पहिले बाळंतपण चौदा-पंधराव्या वर्षी येणे हे घरोघरचे चित्र. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेले. त्या पुढे डॉक्टर झाल्या म्हणून आपल्याला ते कळले. बाकीच्या असंख्य मुलींची नोंद कोण ठेवणार?

मध्यप्रांतातून मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेलेल्या गौरांनी १९२४ मध्ये विधेयक आणले. मुलगी विवाहित असो वा अविवाहित, संमतिवय चौदाच असावे, एवढीच मागणी. सिलेक्ट कमिटीने पत्नीपुरते ते तेरावर आणले. मंगळसूत्र गळ्यात पडले की मुलीचे शरीर वर्षभर आधीच तयार होते, असा त्याचा अर्थ! विधेयक तडीस गेले नाही. त्याच वर्षी, १९२५ मध्ये, सरकारने स्वतःचा कायदा केला: पत्नीसाठी तेरा, इतरांसाठी चौदा. दुसरा कोणी थकला असता. गौरांनी १९२७ मध्ये पुन्हा विधेयक मांडले.

तेव्हा सरकारने १९२८ मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्याच प्रांताचे माजी गृहमंत्री सर मोरोपंत जोशी. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. अल्पवयीन मातांचे मृत्यू आणि आयुष्यभराची दुखणी प्रथमच अशी कागदावर आली. १९२५ चा कायदा लोकांना ठाऊकच नाही, हेही उघड झाले. १९२९ मध्ये शारदा कायदा संमत होऊन मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. १९७८ मध्ये ते अठरा झाले.

गौरांची धडपड एवढीच नव्हती. आंतरजातीय विवाह करणाऱ्या हिंदूंना धर्म नाकारावा लागू नये यासाठी १९२३ ची दुरुस्ती त्यांचीच. स्त्रियांना वकिलीची दारे उघडावीत म्हणूनही ते सभागृहात उभे राहिले. आयुष्याची कमाई त्यांनी १९४६ मध्ये सागर विद्यापीठासाठी ओतली. २५ डिसेंबर १९४९ रोजी ते गेले.

माझा जन्म बँकेत आकडेमोड करण्यात गेला, म्हणून हिशेबही मांडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये पंधरा ते एकोणीस वयाच्या दर शंभर मुलींपैकी सोळा आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. २०१५-१६ मध्ये हा आकडा ७.९ झाला, २०१९-२१ मध्ये ६.८. पहिल्या दहा वर्षांत निम्म्यावर, पुढे मात्र जेमतेम एक टक्का उतार. महाराष्ट्र देशाच्या पुढे असेल असे आपल्याला वाटते. त्या पाहणीत आपला आकडा होता ७.६. हे प्रमाण जास्त दिसते ते गरीब घरांत आणि शाळा लवकर सुटलेल्या मुलींत. तिथे नुसते कलम पोचत नाही. सातवीनंतर गावाबाहेरच्या शाळेत जायला एस.टी. लागते.

आणि गौरांचा मूळ मुद्दा? पत्नीसाठी वेगळे, कमी वय ठेवणारी सवलत पुढेही कायद्यात टिकली. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून विवाहित मुलीलाही अठराचे संरक्षण दिले, ते ऑक्टोबर २०१७ मध्ये. गौरांच्या पहिल्या विधेयकाला तेव्हा त्र्याण्णव वर्षे झाली होती.