रखमाबाईंवरची डिक्री

बँकेच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘डिक्री’ हा शब्द नवा नसतो. कर्ज थकले, नोटिसा जाऊन आल्या, ऋणको दाद देईना, की दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. डिक्री हाती आली की वसुलीची दरखास्त. मग मालमत्तेची जप्ती, आणि ऐपत असूनही देत नाही असे ठरले तर दिवाणी तुरुंग. अशा कागदांवर मी पुष्कळ सह्या केल्या आहेत. डॉ. रखमाबाईंच्या खटल्याची हकिगत निवृत्तीनंतर सवडीने वाचली, तेव्हा ध्यानात आले की हीच यंत्रणा १८८७ साली मुंबईत एका बावीस वर्षांच्या मुलीवर चालवली गेली होती. थकबाकी होती ती तिची स्वतःचीच. ती नवऱ्याच्या घरी नांदायला गेली नव्हती.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. समाज सुतारांचा, त्यात पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. सहाएक वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागे. जनार्दन पांडुरंगांची मिळकत तेव्हा लेकीच्या नावावर झाली. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी. परकरी पोरीच्या नावावर मिळकत असली की तिच्या लग्नाकडे पाहण्याची लोकांची नजर बदलते, हे आपल्याकडे नवीन नाही.

सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. असा विद्वान सावत्र बाप घरात असूनही मुलीचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. मुलगा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा. त्याने सासरी राहून शिकावे, असे ठरले होते. शाळेत त्याचे मन रमले नाही आणि तो मामाच्या घरी राहायला गेला. लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाई न्हात्याधुत्या झाल्या आणि गर्भाधानाची मागणी आली. तेव्हा मात्र सखाराम अर्जुनांमधला डॉक्टर जागा झाला. एवढ्या कोवळ्या वयात मुलीला पाठवायचे नाही, म्हणून ते अडून बसले. लग्न लावून देणारा आणि मुलगी न पाठवणारा हा एकच माणूस. त्याला दोष द्यावा की त्याचे आभार मानावेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढची आठ-नऊ वर्षे रखमाबाई माहेरीच होत्या. शाळा सुटली होती, पण घरात पुस्तके होती. मिशनऱ्यांच्या ग्रंथालयातून आणखी मिळत. मुलगी वाचत गेली. दादाजींचे तसे काही झाले नाही. १८८४ साली त्यांनी वकिलाची नोटीस पाठवली आणि मग मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला : बायको नांदायला आली पाहिजे. रखमाबाईंच्या बाजूने उत्तर गेले. त्यात दादाजींची प्रकृती आली, बेताची परिस्थिती आली आणि ज्या मामाच्या घरी नांदायला जायचे, त्याचे वर्तनही आले. पण सगळ्यांत मोठा मुद्दा साधा होता. हे लग्न ज्या वयात झाले, त्या वयात तिला कोणी विचारले नव्हते.

खटला न्यायमूर्ती पिन्हे यांच्यासमोर चालला. दरम्यान एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी जून आणि सप्टेंबरमध्ये टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने दोन पत्रे छापून आली, एक बालविवाहावर आणि दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. लिहिणारी रखमाबाईच होती. दुसऱ्या पत्रानंतर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, निकाल लागला. जाणत्या वयात संमती न दिलेल्या आणि कधीही एकत्र न राहिलेल्या मुलीला जबरदस्तीने नवऱ्याच्या हवाली करणे न्यायमूर्तींना पटले नाही. त्यांनी दावा फेटाळला.

मुंबई-पुण्यात गदारोळ उठला. बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. टिळकांना आणि सनातनी मंडळींना हा निकाल म्हणजे परक्या सरकारची धर्मातली ढवळाढवळ वाटली. लोकमान्यांविषयीचा आदर तसूभरही कमी न करता इथे एक गोष्ट सांगावी लागते. नांदायला येण्याचा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच. तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतला. इंग्रजांच्या कोर्टांबरोबर इथे आला. धर्मरक्षणासाठी आपली माणसे ज्या हत्याराची बाजू घेत होती, ते विलायती होते. आणि ज्या १८८४ साली दादाजींचा दावा दाखल झाला, त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटने या कारणासाठी तुरुंगात टाकणे स्वतःच्या देशात कायद्याने बंद केले. हिंदुस्थानात ते चालूच राहिले.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये खटला पुन्हा चालवण्याचा हुकूम झाला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी डिक्री दिली : नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. या तारखेच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या होत्या. अमेरिकेहून पदवी आणलेल्या आनंदीबाईंसाठी हळहळणारे सगळेच लोक रखमाबाईंच्या पाठीशी होते, असे नव्हे. नवऱ्याच्या इच्छेने शिकलेली स्त्री आणि नवऱ्याला नकार देणारी स्त्री, यांची खाती समाजाने वेगवेगळी उघडली होती.

पुढे काय झाले, याची एक आख्यायिका आहे : व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून लग्न रद्द केले. आपल्याला राणीची दया आवडते. प्रत्यक्षात जे झाले ते कोणत्याही बँक अधिकाऱ्याला ओळखीचे वाटेल. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी खर्चापोटी दोन हजार रुपये घेतले आणि डिक्रीची अंमलबजावणी सोडून दिली. लग्न मोडले नाही. दादाजींना दुसरे लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती आणि त्यांनी ते केलेही. रखमाबाईंना तशी मुभा नव्हती.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या आधाराने त्या १८८९ मध्ये विलायतेला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परतून सुरतेच्या रुग्णालयात रुजू झाल्या. पुढे राजकोट. तीन दशकांहून अधिक काळ गुजरातेत बायकांची बाळंतपणे आणि आजारपणे. निवृत्तीनंतर मुंबईला आल्यावर त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध लिहिले.

१९०४ साली दादाजी वारले. रखमाबाई तेव्हा सुरतेत होत्या, चाळिशीला टेकलेल्या. त्यांनी पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. ज्या नवऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडायला नकार देऊन तुरुंगाची तयारी ठेवली, त्याच्या नावाने वैधव्य! चरित्र सांगणारे इथे अडखळतात. मला त्यात पराभव दिसत नाही. सुरतेच्या घराघरांत शिरून परक्या बायकांच्या खाटेशी बसायचे, तर एकट्या बाईचे ‘तुम्ही कोण?’ याला लोकांना पटेल असे उत्तर लागते. सधवा म्हणावे तर नवरा कुठे आहे, हे विचारले जाई. पांढऱ्या लुगड्याला कोणी काही विचारत नाही. तरीही वाटते, सोळा वर्षांपूर्वी दोन हजार मोजून मिटवलेले खाते समाजाच्या वहीत उघडेच राहिले होते आणि त्याचे व्याज ती बाई भरत होती. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही.

नांदायला न येणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद आपल्याकडे १९२३ साली गेली. जप्ती राहिली. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, घटस्फोटाची सोय झाली, एकपत्नीत्व आले. त्याच कायद्यात कलम ९ म्हणून नांदायला येण्याचा दावाही आला, आता नवरा-बायको दोघांनाही खुला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. रखमाबाईंना त्यातले फारसे पाहायचे नव्हते. कायदा होऊन चार महिने झाले होते, तेव्हा २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या मुंबईत गेल्या. एक्क्याण्णव पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते.