कानात पाणी घालून मेंदूचा बिघाड शोधणारा डॉक्टर, नोबेल मिळालं तेव्हा होता युद्धकैदी

गिरक्या घेऊन अचानक थांबलात की जग फिरतच राहतं. त्या वेळी कुणाला तरी तुमच्या डोळ्यांकडे बघायला सांगा. बुबुळं एका बाजूला हळूच सरकतात आणि झटक्यात परत येतात, तीही तुमच्या मर्जीशिवाय. याला म्हणतात निस्टॅग्मस.

गिरकीनंतर हे सगळ्यांनाच होतं. पण बसल्या जागी होऊ लागलं, तर बिघाड आतल्या कानात, तिथून निघणाऱ्या नसेत किंवा मेंदूत असू शकतो. तो नेमका कुठे, हे शोधायची वाट दाखवली रॉबर्ट बारानी यांनी.

जन्म २२ एप्रिल १८७६, व्हिएन्ना. लहानपणी हाडांचा टीबी झाला आणि गुडघा कायमचा आखडला. पुढे ते कानाचे डॉक्टर झाले. रुग्णांचे कान पाण्याने धुताना अनेकांना चक्कर यायची, डोळे हलायचे. एकाने पाणी थंड असल्याची तक्रार केली. गरम पाणी घेतलं, तर चक्कर तशीच, पण डोळे उलट दिशेने हलू लागले.

बारानींना कारण सापडलं. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. बंबातलं गरम पाणी वर चढतं, तसा कान तापला की हा द्रव हलतो. मेंदूला वाटतं डोकंच फिरतंय, म्हणून तो डोळे फिरवतो. एका कानात पाणी घालूनही डोळे हललेच नाहीत, तर त्या कानात किंवा त्याच्या नसेत गडबड आहे असा संशय घ्यायचा. (१९८३ मध्ये अंतराळातही डोळे हलले, तेव्हा कारण एवढंच नाही हे कळलं. चाचणी मात्र टिकली.)

पहिलं महायुद्ध पेटलं. आखडलेल्या गुडघ्यानिशी बारानी सैन्यात डॉक्टर म्हणून गेले आणि रशियाच्या हाती सापडले. १९१४ चं नोबेल मिळाल्याची बातमी त्यांना कैदेतच कळली. स्वीडनचे प्रिन्स कार्ल आणि रेड क्रॉसच्या प्रयत्नांमुळे १९१६ मध्ये सुटका झाली.

पण व्हिएन्नात सहकाऱ्यांनी आरोप केला, की त्यांनी इतरांच्या कामाचं श्रेय दिलं नाही. दुखावलेले बारानी स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात गेले. तिथेच ८ एप्रिल १९३६ रोजी, साठीला दोन आठवडे उरले असताना, त्यांचं निधन झालं.

आज अवयवदानाआधी मेंदू मृत झालाय का हे तपासतानाही डॉक्टर कानात बर्फाचं पाणी घालतात. डोळे जराही हलले, तर मेंदू मृत आहे असं म्हणता येत नाही.