ओकोयोंग येथील मिस मेरी स्लेसर

परक्या लोकांत जाऊन ज्या स्त्रियांनीं सुवार्तेचें बीज पेरलें, त्यांत मिस मेरी स्लेसर यांचें नांव मोठ्या आदरानें घेतलें जातें. त्यांचा जन्म स्कॉटलंडांतील अॅबर्डीन शहरीं २ डिसेंबर १८४८ रोजीं झाला. बाप जोडे शिवण्याचा धंदा करी. परंतु दारूपायीं त्यानें संसाराची धूळधाण केली. पुढें तें कुटुंब डंडी शहरीं गेलें. तेथें अकराव्या वर्षीं मेरी अर्धा दिवस गिरणींत व अर्धा दिवस शाळेंत जाऊं लागली. थोडी मोठी झाल्यावर ती पहांटे सहापासून सायंकाळीं सहापर्यंत मागावर राबे, आणि जवळ पुस्तक उघडें ठेवून सवड मिळेल तसें वाची.

१८७४ सालीं डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूची बातमी स्कॉटलंडांत पोहोंचली, तेव्हां आफ्रिकेंत सेवा करण्याची तिची जुनी इच्छा बळावली. १८७६ सालीं मिस स्लेसर कॅलबार येथें गेल्या. हा प्रदेश आज नायजेरिया देशांत आहे. त्यांनीं तेथील एफिक भाषा उत्तम शिकून घेतली व मिशनच्या जुन्या ठाण्यांत सेवा केली. पण त्यांचें चित्त आंतल्या ओकोयोंग प्रांताकडे लागलें होतें. तेथें सरदार मेला कीं त्याच्याबरोबर दासांचा वध होई. संशयिताला विषारी बियांचें पाणी पाजून दिव्य करवीत. जुळीं मुलें जन्मलीं तर भुताचा अंश समजून त्यांस मारीत व आईला रानांत हांकून देत. हें सर्व भयापोटीं चाले. आणि भुतांचें भय आपल्या खेड्यांनाहि परकें नाहीं.

तेथील सरदारांची परवानगी मिळवून ऑगस्ट १८८८ मध्यें, भर पावसाळ्यांत, मिस स्लेसर निघाल्या. क्रीक टाउनच्या राजे एयो यांनीं आपली होडी दिली. बाईंबरोबर त्यांनीं संभाळलेलीं पांच मुलें होतीं. नदीकांठापासून एकेंगे गांव दोन कोस दूर, वाट दाट रानांतली, आणि वर पाऊस. अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर शिधापेटी होती, मागून धाकटीं रडत चाललीं होतीं, आणि सर्वांत लहान मूल बाईंच्या खांद्यावर होतें.

रात्रीं त्या गांवांत पोहोंचल्या, तों गांव जवळजवळ ओस! शेजारच्या इफाको गांवीं मर्तिक होतें, तिकडे सारे लोटले होते. सामान येईना. कोरडे कपडे नाहींत, मुलें भुकेलेलीं. इतक्यांत सोबतच्या मिशन बंधूनें येऊन सांगितलें कीं, हमाल थकले आहेत व सकाळपर्यंत हालणार नाहींत. दुसरा दिवस तर प्रभूचा! बाईंनीं कोणास दोष दिला नाहीं. त्या काळोखांत पुन्हां नदीवर गेल्या, निजलेल्या माणसांस उठविलें, आणि मध्यरात्रीपर्यंत सामान गांवांत आणविलें. दुसऱ्या दिवशीं गांवांत उरलेल्या मूठभर लोकांबरोबर त्यांनीं उपासना केली. हाच त्या कामाचा आरंभ!

पुढें सरदार एदेम यांच्या वाड्यांत, मातीच्या एका खोलींत, शेळ्याकोंबड्यांच्या शेजारीं त्या राहिल्या. आजाऱ्यांची शुश्रूषा केली, भांडणें मिटविलीं, टाकलेलीं जुळीं उचलून आणलीं. सरदारांची बहीण एमे ही त्यांची जिवलग झाली. कोठें घातपात होणार असें कळलें कीं ती गुप्तपणें सूचना देई. लोक बाईंना मा, म्हणजे आई, म्हणूं लागले. त्यांचा न्याय लोकांस इतका मान्य झाला कीं १८९२ सालीं सरकारनें त्यांस न्यायाधिकार दिला. तरी पंधरा वर्षांच्या श्रमांनंतरहि तेथील मंडळींत थोडेच सभासद होते. परंतु जुळ्यांचे प्राण वांचूं लागले होते, आणि दासांचा वध थांबत चालला होता. १३ जानेवारी १९१५ रोजीं उसे या गांवीं त्या प्रभूमध्यें निद्रिस्त झाल्या.

प्रिय उपदेशकबंधूंनो, बदली होऊन आपण नव्या गांवीं उतरतों, तेव्हां वेशीवर कोणी नसतें, घर गळत असतें, मुलें रडत असतात. वर्षअखेरीस बाप्तिस्म्याच्या वहींत दोनच नांवें असलीं तर मन खचतें. अशा वेळीं एकेंगेची ती रात्र आठवावी. गांवानें आपणांस बोलाविलें नसेल; पण ज्यानें पाठविलें तो आपल्या आधींच तेथें पोहोंचलेला असतो. आपण तेथें राहावें, लोकांच्या सुखदुःखांत पडावें, आणि पीक त्याच्या हातीं सोंपवावें.