पंडिता रमाबाई आणि बार्तमी सदन



दिल्लीहून पुण्याकडे येणारी झेलम एक्सप्रेस दौंड मागे टाकते, तेव्हा प्रवासी आपले सामान आवरू लागलेले असतात. दौंड आणि पुणे यांच्यामध्ये केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. उत्तरेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र खिडकीतून क्षणभर बाहेर पाहावे. पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन याच केडगावी आहे. आणि गाडीच्या नावातली ती झेलम नदीही रमाबाईंच्या ओळखीची होती. आईवडील गमावल्यानंतर अन्नवस्त्रावाचून भटकत असताना एका हिवाळ्यात त्या आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली होती.

रमाबाईंची विद्वत्ता, शारदा सदन, त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ यांविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. या लेखात मला त्यांच्या जीवनाचा एक निराळा धागा आपल्यापुढे ठेवायचा आहे. तो आहे अंधत्वाचा. रमाबाई स्वतः अंध नव्हत्या. परंतु त्यांच्या तारुण्याच्या उंबरठ्यावर एक अंध पिता उभा आहे, आणि त्यांच्या कार्याच्या ऐन भरात अंध स्त्रियांचे एक घर उभे आहे. या दोहोंच्या मध्ये त्यांची स्वतःची श्रवणशक्ती हळूहळू त्यांना सोडून चाललेली दिसते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्या काळच्या धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला. रमा अवघ्या सहा महिन्यांची असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेण्यात आले. पुढे आयुष्याची कितीतरी वर्षे देवळांच्या ओवऱ्यांत, नदीच्या घाटांवर पुराण सांगण्यात गेली. रमेला शिकवण्याचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम आणि यात्रेकरूंची सोय, म्हणून लक्ष्मीबाई पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, लेकीला कुशीत घेऊन उठवीत आणि श्लोक म्हणून दाखवीत. मुलगी ऐके आणि पाठ करी. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत होते. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. या विदुषीची सारी विद्या प्रथम कानांवाटे आत गेली होती.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपला होता. दागिने गेले, भांडी गेली. मोलमजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते, अशा अवस्थेत पाच माणसे तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी आणि झाडाची पाने यांवर राहिली. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते आणि त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली होती. शेवटी त्यांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचे ठरवले आणि सर्वांचा निरोप घेतला. सर्वांत धाकट्या मुलीची पाळी आली तेव्हा त्यांनी तिला छातीशी घट्ट धरले. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. तिच्या मस्तकावरून आणि गालांवरून हात फिरवीत त्यांनी तिला देवाच्या हाती सोपवले आणि आयुष्यभर त्याचीच सेवा करण्यास बजावले.

श्रीनिवासाने आपण काम करून सर्वांना पोसू असे सांगून तो बेत मोडला. पण अनंतशास्त्री त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. काही आठवड्यांत लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात. चौथा खांदा रमेला द्यावा लागला आणि उंची कमी म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. त्या वेळी ती सोळा वर्षांची होती. थोड्याच महिन्यांत थोरली बहीणही पटकीने दगावली.

पुढे अनेक वर्षांनी, ख्रिस्तदर्शन झाल्यावर, रमाबाईंनी या निरोपाची आठवण लिहून ठेवली आहे. ज्या देवाला पित्याने आपल्याला सोपवले, त्याला तो पिता नावाने ओळखत नव्हता; तरी त्या देवाने ती प्रार्थना ऐकली, अशी त्यांची श्रद्धा होती. पौलाने अथेनैमध्ये पाहिलेली अज्ञात देवाची वेदी आपणास माहीत आहे. आपल्या पूर्वजांच्या धर्मावर कठोर टीका करणाऱ्या रमाबाईंनी आपल्या पित्याविषयी मात्र असे मृदू लिहावे, याचे मोल मला त्यांच्या कित्येक वादग्रंथांहून अधिक वाटते.

यानंतरचा काळ भराभर पाहू. १८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत रमाबाई विधवा झाल्या. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, आणि १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

वैद्यकीय शिक्षण मात्र झाले नाही. कारण होते त्यांचे कान. ऐकू कमी येत होते आणि ते वाढत जाणारे होते. ज्या कानांनी अठरा हजार श्लोक साठवले, तेच कान पंचविशीत दगा देऊ लागले. रोग्याच्या छातीला नळी लावून ठोके ऐकणे ज्याला जमणार नाही, त्याने डॉक्टर कसे व्हावे? स्त्रियांसाठी वैद्य होण्याचे स्वप्न त्यांनी मिटून ठेवले आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकण्या-शिकवण्याकडे त्या वळल्या. या श्रवणदोषाविषयी त्यांनी कोठे फारसा आक्रोश केलेला नाही. पुढील चाळीस वर्षे त्या वाढत्या बहिरेपणासह जगल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. १८९१ साली विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना रमाबाईंना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे, परंतु खुद्द ख्रिस्त अजून आपल्याला गवसलेला नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आलेली ही जाणीव. आपल्यापैकी जे जन्माने ख्रिस्ती आहेत, त्यांनी ती आपापल्या मनाशी ताडून पाहावी.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातील मदतछावण्यांची वर्णने कानी आली, तेव्हा रमाबाईंना तिरुपतीचे रान आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया-मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या. १९०० साली गुजरातच्या दुष्काळाने आणखी शेकडो जणी आल्या. मुक्तीची वस्ती सुमारे २००० पर्यंत गेली.

या गर्दीत अंध मुली होत्या, अंध म्हाताऱ्या होत्या. याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. उपासमारीत शरीराला अ जीवनसत्त्व मिळत नाही, आणि लहान मुलांच्या बुबुळांवर त्याचा घाला प्रथम पडतो. देवीच्या साथी आणि खुपऱ्या होत्याच. दुष्काळ माणसे मारतो हे सर्वांना दिसते. ज्यांना तो जिवंत सोडतो, त्यांचे डोळे घेऊन जातो हे कमी जणांना दिसते. त्या काळी अंध मुलीपुढे वाट कोणती होती? देवळाच्या किंवा बाजाराच्या तोंडाशी हात पसरून बसण्याची. हिंदुस्थानातील अंधांची पहिली शाळा अमृतसरला मिस अॅनी शार्प यांनी १८८७ साली काढली होती. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अॅना मिलर्ड यांची शाळा निघाली ती १९०० साली, याच दुष्काळानंतर. म्हणजे मुक्तीतील अंध स्त्रियांना दुसरीकडे कोठे पाठवावे म्हटले, तर जागा जवळजवळ नव्हतीच.

रमाबाईंनी त्यांच्यासाठी मुक्तीमध्येच वेगळे घर केले आणि त्याला यरीहोच्या वेशीबाहेर भीक मागत बसलेल्या बार्तीमयाचे नाव दिले. तेच बार्तमी सदन. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि त्या अंध मुलींना शिकवू लागल्या. सहा ठिपक्यांची ही लिपी बोटाच्या टोकाखाली मावते. कागदाच्या पाठीमागून टोचणीने ठिपके उमटवायचे, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे. कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. आज आपल्याकडे रूढ असलेल्या भारती ब्रेलमध्ये एक गंमत आहे, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. छापील मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते. ब्रेलमध्ये ती नंतर येते, उच्चारात येते तशी. अंध वाचकाची लिपी बोलण्याशी अधिक इमानी आहे असे मी नेहमी म्हणतो.

अक्षरांबरोबर हातांना कामही दिले गेले. विणकाम, वेताचे काम. ज्या हातांकडे समाज केवळ कटोऱ्यासाठी पाहत होता, ते हात खुर्च्यांची बैठक विणू लागले. शास्त्रभाग पाठ करण्यात तर या बहिणी डोळसांच्या पुढे असत. त्यांची पाठांतराची रीत तीच होती, जी लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या अंधारात आपल्या लेकीबरोबर वापरली होती.

येथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शुभवर्तमानातील बार्तीमयाला दृष्टी मिळाली. बार्तमी सदनातील बहिणींना ती मिळाली नाही. १९०५ साली मुक्तीत मोठे संजीवन झाले, रात्ररात्र प्रार्थना चालल्या, तरी सकाळी सदनातल्या बायका भिंतीला हात लावीतच विहिरीकडे गेल्या असतील. मग हे नाव म्हणजे चेष्टा नव्हे काय? मार्काचा दहावा अध्याय पुन्हा उघडून पाहा. दृष्टी येण्याच्या आधी त्या कथेत बरेच काही घडते. लोक त्याला गप्प बसायला सांगतात, आणि तो गप्प बसत नाही. प्रभू थांबतो. तो त्याला बोलावून घेतो. त्याला काय हवे ते त्यालाच विचारतो, जणू या आंधळ्या भिकाऱ्याला स्वतःची इच्छा आहे असे त्या गर्दीत केवळ त्यालाच वाटले. आणि भिकारी आपले वस्त्र टाकून उठतो. हा सगळा भाग मुक्तीतल्या प्रत्येक अंध स्त्रीच्या वाट्याला येऊ शकत होता, आणि रमाबाईंनी तो येऊ दिला. उरलेल्या एका गोष्टीसाठी त्या आणि त्यांच्या बहिणी पुनरुत्थानाची वाट पाहत राहिल्या. त्यांच्या श्रद्धेला यात कमीपणा वाटला नाही. त्यांच्या बाई स्वतःही बऱ्या झालेल्या कानांनी नव्हे, तर बंद होत चाललेल्या कानांनीच त्यांच्यामध्ये वावरत होत्या.

याच वर्षांत त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची मराठी त्यांना खेड्यातल्या बायकांसाठी जड वाटे आणि त्यातील कित्येक संस्कृत शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचा वास येतो असा त्यांचा आक्षेप होता. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम मुलीच करीत. याच व्यवसायातला असल्यामुळे मी मोकळेपणाने सांगतो : हे भाषांतर सर्वत्र सारखे उतरलेले नाही. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहाने वाक्ये काही ठिकाणी अडखळतात, आणि मंडळ्यांमध्ये ते रुजले नाही. परंतु ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ऐकून समजेल असे शास्त्र असावे, ही त्यामागची ओढ आजही प्रत्येक भाषांतरकाराने आपल्या मेजासमोर लावून ठेवावी अशी आहे. ज्या बाईला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते, ती दुसऱ्यांच्या कानांसाठी वाक्ये घडवीत होती.

आईच्या पश्चात मनोरमाबाईंनीच मुक्ती सांभाळावी, असे सर्वांनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. पती, भाऊ, बहीण, आईवडील, आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाई भाषांतराच्या मेजाकडे परत गेल्या. शास्त्राच्या शेवटच्या पानांची मुद्रिते तपासण्याइतके दिवस त्यांनी प्रभूजवळ मागितले होते आणि ते काम होताच त्या गेल्या, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचे प्राण गेले.

संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडायला १९२४ साल उजाडले. खिळे जुळवणाऱ्या मुली त्याच होत्या. छापलेली पाने बार्तमी सदनात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी लागणार होती.