सहाशे अक्षरं आणि एक पुराण

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये २:१-११



पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या प्रत्येकाला शिष्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू आलं. आधी दुसऱ्याची भाषा शिका, अशी अट देवाने घातली नाही. हा उतारा वाचला की मला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात.

हे मूळचे इंग्लंडच्या विल्टशर भागातले. १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोचले. पुढची चाळीस वर्षं त्यांनी मुख्यतः साष्टीत काढली. ही आपली ठाण्याकडची साष्टी नव्हे, गोव्यात मडगावच्या बाजूची.

तो काळ सोपा नव्हता. १५६७ साली पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच येशूसंघीयांना ठार केलं, नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना मारलं. आपल्या सोबत्यांची प्रेतं आणायला स्टीफन्सच गेले. ज्या गावांवर हा सगळा घाव होता, त्याच गावांची भाषा ते शिकत राहिले.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं गेली होती आणि नवं हातात काही आलं नव्हतं. स्टीफन्सनी त्यांच्यासाठी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! ज्ञानेश्वर-एकनाथांमुळे लोकांच्या कानात बसलेला छंद त्यांनी घेतला आणि त्यात उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली. मराठीची थोरवीही त्यात मनापासून गायली.

आता माझ्या कामाच्या जवळची गोष्ट. लोकांची पुस्तकं लोकांच्याच लिपीत छापावीत, ही त्यांची खूप वर्षांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला वरिष्ठांना तसं पत्र लिहिलं. अडचण होती खिळ्यांची. युरोपात चोवीस अक्षरांत काम भागायचं, इथे जोडाक्षरं, काना-मात्रा धरून सहाशे साचे लागणार होते. ते दोनशेवर आणता येतील, असा हिशोबही त्यांनी मांडला. सॉफ्टवेअरवाल्याला हा हिशोब लगेच कळतो, कारण फॉन्ट बनवताना आजही तोच प्रश्न पडतो.

पण ते खिळे काही झाले नाहीत. १६१६ साली रायतूरला पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. ट, ड, ळ या आवाजांसाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचं, अशी सोय केली. १६१९ साली फादर वारले. त्यांचं कोंकणी व्याकरण १६४० साली निघालं, तेही त्यांच्या पश्चात.

कॅनडात १८४० साली जेम्स इव्हान्स यांनी क्री लोकांसाठी नवी अक्षरं घडवली, चहाच्या पेट्यांतलं शिसं वितळवून खिळे ओतले. पुढे एडमंड पेक यांनी ती लिपी इनुइट लोकांपर्यंत नेली आणि ते लोक आजही ती वापरतात. स्टीफन्सना असं यश बघायला मिळालं नाही. शांताराम बंडेलूंनी क्रिस्तपुराण देवनागरीत आणलं ते १९५६ साली. म्हणजे छपाईनंतर ३४० वर्षांनी!

मला यातून एवढंच कळतं की हवं ते साधन मिळेपर्यंत स्टीफन्स थांबले नाहीत आणि हाती आलेल्या साधनाला त्यांनी नावंही ठेवली नाहीत. लिपी परकी राहिली, पण शब्द घरचे होते. म्हणूनच ऐकणाऱ्याला ते समजले. आपल्या डोंगरीत आजी एका बोलीत प्रार्थना करते, नातवंडं शाळेत इंग्रजी शिकतात आणि व्हॉट्सअॅपवर मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात. त्या नातवंडांना येशूची गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची, हे आज आपल्यालाच ठरवायचं आहे.

प्रार्थना: हे पवित्र आत्म्या, समोरच्याची भाषा शिकायचा धीर आम्हाला दे. काम अर्धं राहिलं तरी ते तुझ्या हाती सोपवायला शिकव. आमेन.