शिकारीची शाळा आणि सोनतळीची शाळा

राजर्षी शाहू महाराजांचे नाव निघाले की आरक्षणाचा जाहीरनामा, राधानगरीचे धरण, वसतिगृहे आणि खासबागचे कुस्त्यांचे मैदान डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र १२ जून १९१८ या तारखेचा उल्लेख सहसा होत नाही. त्या दिवशी महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मृत्युमुखी पडले. त्यांचे वय होते अवघे एकोणीस वर्षांचे, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. ज्या खेळावर महाराजांनी आयुष्यभर प्रेम केले, त्याच खेळाने त्यांच्या घरावर घाला घातला.

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव, म्हणजेच पुढचे शाहू महाराज, २६ जून १८७४ रोजी जन्मले. तीन वर्षांचे होण्याच्या सुमारास मातृछत्र हरपले. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि दोनच वर्षांनी वडील आबासाहेबही निवर्तले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती आली तेव्हा ते विशीतही नव्हते.

त्या काळच्या संस्थानी घराण्यांत शिकार हा केवळ विरंगुळा नव्हता. राजपुत्राच्या शिक्षणाचा तो एक भागच मानला जाई. आधी घोड्यावरची मांड पक्की करायची, मग छर्‍याच्या बंदुकीने ससा, तितर यांसारख्या लहान सावजावर हात बसवायचा, आणि नजर स्थिर झाली की मोठ्या जनावराकडे वळायचे, असा साधारण क्रम असे. दक्षिण महाराष्ट्राच्या कोरड्या माळावर सशामागे कुत्री सोडण्याची रीत तर राजवाड्यापुरती नव्हती, गावकुसापर्यंत पोहोचलेली होती. इंग्लंडातील बीगल हे ठेंगणे कुत्रे जमिनीला नाक लावून वासाने सशाचा माग काढते. आपल्याकडचे उंच, सडपातळ कारवानी कुत्रे सावज नजरेने हेरते आणि वेगाने गाठते. शेजारच्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या जातीची निगुतीने जोपासना केली, म्हणून तिला मुधोळ हे नाव मिळाले.

शाहू महाराजांची आवड मात्र मोठ्या शिकारीची. देह भक्कम, पैलवानी घाटाचा, आणि मूळ स्वभाव धाडसी. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे हा त्यांचा आवडता खेळ होता. यात सगळी मदार घोडा आणि स्वार यांच्या एकजुटीवर असते. जखमी डुक्कर उलटून अंगावर येते, आणि भरधाव घोड्यापुढे ओघळ येईल, बीळ येईल की दगड येईल याचा नेम नसतो. चित्त्यांकरवी काळविटाची शिकार हे तर कोल्हापूरचे वैशिष्ट्यच होऊन बसले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून कळपाच्या जवळ न्यायचा, टोपी काढून त्याला सोडायचा आणि काही क्षणांत संपणारी ती झेप पाहायची! शिकारीला आणि दौर्‍यावर जाताना महाराज खडखडा नावाच्या साध्या गाडीतून निघत, तीही अनेकदा स्वतः हाकीत. वाटेत भेटलेल्या शेतकर्‍याला गाडीत घेऊन त्याच्याशी गप्पा मारणे हा त्यांचा शिरस्ता होता.

याच भटकंतीने राजाला रान आणि रानातली माणसे दाखवली. फासेपारधी ही त्यांतली सर्वांत उपेक्षित जमात. कोल्हापूरच्या रानात असो वा मराठवाड्यात जालना-बीडच्या माळावर, ससे, तितर आणि हरणे फाशात पकडून गुजराण करणारी ही माणसे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने इंग्रज सरकारने अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. महाराजांना त्यांच्यात चोर दिसला नाही. उपाशी पोट आणि विलक्षण कसब दिसले. त्यांनी फासेपारध्यांना कामे दिली, राहायला जागा दिली आणि शहराबाहेर सोनतळीला आपल्या मुक्कामाच्या ठिकाणी पहार्‍यावर नेमले. ज्यांच्यापासून लोक घरे राखत, त्यांच्याच हाती राजाने आपली राखण सोपवली. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. ती पद्धतही त्यांनी १९१८ मध्ये बंद केली.

महाराजांना दोन पुत्र. थोरले राजाराम १८९७ चे आणि धाकटे शिवाजी १८९९ चे. दोघांच्या शिक्षणाकडे त्यांचे बारीक लक्ष होते. त्यांना इंग्लंडला पाठवले, पुढे अलाहाबादला शेतीच्या शिक्षणासाठी ठेवले. राजपुत्राने नांगराची माहिती करून घ्यावी, हा विचार त्या काळी संस्थानिकांत दुर्मीळच होता. पण रक्तातली शिकारही मुलांकडे आली होती. धाकटे शिवाजी वडिलांसारखेच निधडे होते. जून १९१७ मध्ये सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमतीदेवींशी त्यांचा विवाह झाला. लग्नाला जेमतेम वर्ष उलटले आणि काळाने डाव साधला.

महाराज या आघाताने आतून खचले. मुलाला ज्या खेळाची गोडी लागली, ती आपल्याच घरात लागली, ही जाणीव कोणत्या बापाला सुटली असती? संस्थानात शोक पसरला. पण दुःखाला कवटाळून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढच्या चार वर्षांत त्यांनी जे केले, त्यात या दुःखाला मिळालेली वाट स्पष्ट दिसते.

पहिला प्रश्न होता अकरा वर्षांच्या सुनेचा. राजघराण्यातील बालविधवेचे आयुष्य म्हणजे पडद्याआडचा अंधार, हे ठरलेलेच होते. १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आणि विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा असे दोन्ही कायदे करणार्‍या राजाची ही घरातलीच परीक्षा होती. घरच्या मंडळींचा विरोध पत्करून महाराजांनी इंदुमतीदेवींना राजवाड्याच्या वातावरणातून बाहेर काढले आणि सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. शिक्षक नेमले, सोबतीला इतर मुली दिल्या. ज्या सोनतळीला पारध्यांचा पहारा होता, तिथेच एका बालविधवेची शाळा भरू लागली. दौर्‍यावर असतानाही महाराज पत्रांतून सुनेच्या अभ्यासाची चौकशी करीत.

दुसरी वाट सार्वजनिक होती. मुलाच्या नावाने १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस उभे राहिले आणि खेड्यापाड्यांतील गरीब मुलांची शिकण्याची सोय झाली. पुतळ्यापेक्षा हे स्मारक त्यांना अधिक योग्य वाटले असावे. दरम्यान १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत त्यांना राजर्षी ही पदवी मिळाली. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा आणि आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदाही त्याच वर्षीचा. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत ते डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले.

प्रकृती मात्र साथ देईना. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, महाराजांचे निधन झाले. सून मॅट्रिक झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. इंदुमतीदेवींनी १९२५ मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण केली. पुढे स्त्रीशिक्षणाच्या कामात रमून त्यांनी १९७१ मध्ये जगाचा निरोप घेतला.

कोल्हापुरात चित्त्यांची शिकार राजाराम महाराजांच्या काळातही चालू राहिली. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. संस्थानचे राखीव शिकारी रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर माळावरचा ससा मारणेही गुन्हा ठरले. मुलांना बंदूक धरायला शिकवणारी ती शिकारीची शाळा काळाच्या ओघात बंद झाली. त्याच शाळेत मुलगा गमावलेल्या एका बापाने सोनतळीला सुनेच्या हाती दिलेले पुस्तक मात्र पुढे कित्येक मुलींच्या हाती गेले.