मोजमापाचं वेड असलेला सर्जन

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘चोवीस तासांची लघवी, कॉर्टिसॉलसाठी’ अशी चिठ्ठी घेऊन गेलं, की हातात एक भलामोठा कॅन देतात. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्यात जमा करायची. हसू नका मित्रांनो, काम गंभीर आहे. डॉक्टरांना शंका असते ती ‘कुशिंग’ची. हे आडनाव ज्याचं, तो हार्वे कुशिंग मेंदूचा सर्जन होता खरा, पण मला विचाराल तर तो आपल्याच जातकुळीतला, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशनवाला!

जन्म ८ एप्रिल १८६९, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. हार्वर्डला मेडिकल शिकताना ईथरची भूल द्यायचं काम या शिकाऊ पोरांकडेच असे. कुशिंग भूल देत असताना एक पेशंट दगावला. तो पार खचला. मग त्याने आणि कॉडमन नावाच्या मित्राने पैज लावली, की ज्याची भूल जास्त चांगली त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचं. त्यापायी दोघं ऑपरेशन चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर उतरवून ठेवू लागले. ही गोष्ट १८९५ च्या आसपासची. आजच्या ऑपरेशन थिएटरमधल्या अ‍ॅनेस्थेशिया चार्टची ही सुरुवात. मेसच्या जेवणावरून लागणाऱ्या पैजांतून एवढं काही निघत नाही.

१९०१ मध्ये इटलीतल्या पाव्हिया गावी त्याने रिव्हा-रोची यांचा दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा पाहिला आणि तो अमेरिकेत आणला. तिथल्या काही बड्या डॉक्टरांना वाटलं, नाडीवर बोट ठेवलं की कळतंय की, यंत्र कशाला? १९२६ मध्ये बोव्ही या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्याने विजेने रक्तवाहिन्या बंद करणारं उपकरण ऑपरेशनमध्ये वापरलं. रक्तस्रावामुळे काही दिवसांपूर्वी अर्धवट सोडलेली गाठ त्याने त्या यंत्राने काढली. माणूस मात्र सोपा नव्हता. असिस्टंट लोकांना त्याच्या जिभेची दहशत असे. त्याच वर्षी त्याचा मुलगा मोटार अपघातात गेला. बातमी आली तेव्हा ऑपरेशन ठरलेलं होतं, आणि ते करूनच तो बाहेर पडला. हे थोर की भयंकर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९१२ च्या पुस्तकात त्याने मिनी जी. या २३ वर्षांच्या मुलीची केस लिहिली. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेलं, हातपाय बारीक, कातडीवर जांभळे चट्टे, पाळी बंद, रक्तदाब चढलेला. पुढे वीस वर्षं असे पेशंट गोळा करत १९३२ मध्ये त्याने बारा केसेस एकत्र मांडल्या आणि सांगितलं, की मूळ मेंदूखालच्या पिट्युटरीतल्या, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या पियुषिका ग्रंथीतल्या, बारीकशा गाठीत आहे. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. एवढीशी गाठ एवढा उत्पात कसा करेल? आणि आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा आकडा मागणाऱ्या या माणसाकडे इथे दाखवायला आकडाच नव्हता! कॉर्टिसॉल हा रेणू तोवर कुणी वेगळासुद्धा केला नव्हता. हातात होती फक्त पेशंटची शरीरं आणि शवविच्छेदनाचे रिपोर्ट.

७ ऑक्टोबर १९३९ ला तो गेला. मोजपट्टी त्यानंतर आली. १९५० मध्ये पोर्टर आणि सिल्बर यांनी अशी रासायनिक क्रिया शोधली, की या जातीची स्टेरॉइड्स असली की द्रावण पिवळं होतं. रंग जितका गडद, तितकं स्टेरॉइड जास्त. रक्तातलं कॉर्टिसॉल सकाळी चढतं आणि मध्यरात्री उतरतं, त्यामुळे एका सुईने फसगत होते. चोवीस तासांची लघवी म्हणजे सरळ इंटिग्रेशन! पुढे रेडिओइम्युनोअ‍ॅसे आला आणि आता मास स्पेक्ट्रोमीटर एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागापेक्षाही कमी प्रमाण पकडतो.

पण सगळ्यात देखणी चाचणी १९६० ची, लिडल यांची. कंट्रोल सिस्टिमची ओरल दिलेल्यांना लगेच समजेल. पिट्युटरी हुकूम सोडते, मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते, आणि ते वाढलं की पिट्युटरी गप्प बसते. निगेटिव्ह फीडबॅक. आज त्याचं सोपं रूप असं, की रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि सकाळी आठला रक्त घ्यायचं. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर लूप ठीक. खाली येत नसेल, तर बिघाड शोधायचा. कुशिंगची ती बारीक गाठ बहुतेक वेळा अशीच सापडते.

एक उलटा प्रकारही आहे, आणि तो हॉस्टेलवाल्यांनी जरूर वाचावा. चेहरा गोल, चट्टे, सगळं कुशिंगसारखं, पण कॉर्टिसॉल मोजलं तर जवळजवळ शून्य! म्हणजे स्टेरॉइड बाहेरून येतंय. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतून, कधी चेहरा गोरा करायच्या म्हणून महिनोन्‌महिने चोपडलेल्या क्रीममधूनही. अशी बरीच क्रीम्स २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी रूममेटच्या ट्यूबवरचं नाव एकदा वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही दिसलं आणि वापर खूप दिवसांचा असेल, तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करायचं नाही. अ‍ॅड्रीनल झोपलेली असते आणि तापात किंवा अपघातात माणूस अचानक कोसळू शकतो.

कुशिंगने दोन हजारांवर मेंदूच्या गाठी हाताळल्या आणि शेकडो पेशंटचे मेंदू बरण्यांत जपून ठेवले. त्याच्या स्वतःच्या शवविच्छेदनात मेंदूत सेंटिमीटरभराची एक गाठ निघाली, जिचा त्याला पत्ताही नव्हता. त्या बरण्या पुढे येल विद्यापीठात मेडिकलच्या हॉस्टेलच्या तळघरात पडून राहिल्या. पोरं रात्री गुपचूप खाली उतरून त्या बघायची आणि तिथल्या फळ्यावर आपली नावं लिहून यायची. २०१० मध्ये विद्यापीठाने बरण्या स्वच्छ करून त्यांचं संग्रहालय केलं.